रॉलीतला परवचा

सकाळी सातच्या सुमाराला आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावर पोहे भिजत असतात आणि टेबलाशी बसून माझी मुलगी लॅटिन क्रियापदं म्हणत असते. 'सुम, एस, एस्त. सुमुस, एस्तिस, सुन्त.' 'असणे' या धातूची वर्तमानकाळातली ही सहा रूपं. तीन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी ती ही ओळ घोकत होती आणि मी कांदा चिरत होते. कुठून कोण जाणे, माझ्या तोंडून आलं, 'अस्मि, स्वः, स्मः. असि, स्थः, स्थ. अस्ति, स्तः, सन्ति.' पंचवीस वर्षांत मी हे शब्द उच्चारले नव्हते.

ती थांबली. मला पुन्हा म्हणायला लावलं. मग वहीत रकाने आखून तिनं दोन्ही भाषांची रूपं शेजारी शेजारी लिहिली. 'एस्त'च्या बाजूला 'अस्ति' आलं, 'सुन्त'च्या बाजूला 'सन्ति'. बराच वेळ ती त्या पानाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "आई, हे कुणी कुणाचं बघून लिहिलं?"

मी हात धुऊन तिच्या शेजारी बसले. विल्यम जोन्स या न्यायाधीशानं १७८६च्या फेब्रुवारीत कलकत्त्यात केलेल्या भाषणाची गोष्ट तिला सांगितली. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं असूच शकत नाही, त्यांचं मूळ एक असलं पाहिजे आणि ते मूळ कदाचित आता उरलेलंही नसेल, हे त्यानं तिथे मांडलं. तिला ते पटलं, पण समाधान झालं नाही. तिचं बोट मधल्या रकान्यावर होतं. स्वः, स्थः, स्तः. त्यांच्या शेजारी लॅटिनची जागा रिकामी होती. "दोघांसाठी वेगळं रूप त्यांनी का टाकलं?" मला उत्तर आलं नाही. पुढचे आठ-दहा दिवस आम्ही दोघींनी मिळून ते शोधलं. लॅटिननं द्विवचन टाकलं खरं, पण 'दुओ' म्हणजे दोन आणि 'अम्बो' म्हणजे दोघंही, या शब्दांमध्ये त्याची खूण राहून गेली आहे. घर सोडताना एखादी पितळी वाटी मागे राहावी तशी.

हा लेख त्या रिकाम्या रकान्याबद्दल आहे असं म्हटलं तरी चालेल. इतरांच्या मुली शाळेच्या बसमध्ये बसतात त्या वेळी माझी मुलगी घरी लॅटिन का शिकते, हे मला गेली चार वर्षं लोक विचारत आले आहेत. त्याचं उत्तर त्या रकान्यात आहे.

नॉर्थ कॅरोलिनात आम्ही येऊन बारा वर्षं झाली. २०२०च्या शरद ऋतूत मुलगी तिसरीत होती आणि शाळा पडद्यावर भरत होती. पडद्यावर शिकवणाऱ्या बाईंची मला अजून कणव येते. सत्तावीस चौकोनांतल्या सत्तावीस मुलांना त्या एकट्या सांभाळत होत्या. पण माझी लेक त्यातल्या एका चौकोनात दिवसभर नुसती बसून असे. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या पाहणीप्रमाणे त्या वर्षी वसंतात शाळकरी मुलं असलेल्या ५.४ टक्के घरांमध्ये होमस्कूलिंग चालू होतं, शरदात हा आकडा ११.१ टक्क्यांवर गेला. त्या वाढलेल्या घरांमध्ये आमचंही एक होतं. माझ्याकडे वेळ होता, कारण नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या मला नोकरीची परवानगी नव्हती. हे लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या कितीतरी मराठी बायकांच्या पदव्या अशाच पेटीत आहेत.

इथे घरी शाळा काढायला राज्याच्या विभागाकडे एक अर्ज भरावा लागतो. शिकवणाऱ्याचं बारावीपर्यंतचं शिक्षण झालेलं हवं. वर्षातले नऊ महिने शाळा चालली पाहिजे, हजेरी आणि लसीकरणाची नोंद ठेवायची आणि वर्षातून एकदा प्रमाणित चाचणी घ्यायची. बस. एवढी मोकळीक पूर्वी नव्हती. १९८५ साली डेलकॉन्टे खटल्यात इथल्या राज्य सर्वोच्च न्यायालयानं घरच्या शाळेला मान्यता दिली आणि १९८८ मध्ये कायदा झाला. अर्जात एक रकाना असतो, शाळेचं नाव. मी पेन हातात धरून बसले आणि शेवटी लिहिलं, 'ओसरी'.

सांगलीच्या आमच्या जुन्या घराला ओसरी होती. दिवेलागणीला हातपाय धुऊन आम्ही भावंडं तिथे ओळीनं बसायचो. शुभंकरोती, मग रामरक्षा, मग पाढे. तीसपर्यंतचे झाले की बाबा अपूर्णांकांवर यायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी. हा आमचा परवचा. त्या वयात मला त्याचा कंटाळा यायचा, आणि मोठी झाल्यावर घोकंपट्टी म्हणून त्याची लाजही वाटायला लागली. समजून घेणं चांगलं, पाठ करणं वाईट, हे माझ्या पिढीच्या मनावर इतकं पक्कं बिंबवलं गेलं की आपण काय सोडतोय ते सोडताना पाहिलंच नाही.

म्हणूनच वाचनालयात 'द वेल-ट्रेन्ड माइंड' हे जाडजूड पुस्तक हाती लागलं तेव्हा मी पहिल्या शंभर पानांतच अडकले. जेसी वाइज आणि सुझन वाइज बाउर या मायलेकींनी ते लिहिलं, १९९९ साली. आई शिक्षिका. घरी शिकवणं म्हणजे वेडेपणा समजला जाई त्या काळात, १९७३ मध्ये, तिनं मुलांना शाळेतून काढलं. त्या घरात शिकलेली मुलगी पुढे महाविद्यालयात साहित्य शिकवू लागली. त्यांची मांडणी मध्ययुगीन युरोपातल्या 'ट्रिव्हियम'वर उभी आहे. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्या. या क्रमानं मूल वाढतं, तेव्हा शिक्षणही या क्रमानं चालावं. पहिली चार वर्षं साठवण्याची, ज्यात मूल कविता, पाढे, रूपं, सनावळी, राजांच्या याद्या आनंदानं पाठ करतं. मधली चार वर्षं प्रश्नांची, कशावरून आणि कुणी सांगितलं असं विचारण्याची. शेवटची चार वर्षं मांडण्याची, जे साठवलं आणि तपासलं ते आपल्या शब्दांत, ऐकणाऱ्याला पटेल असं सांगण्याची.

या विचाराला आजच्या काळात पुन्हा चालना दिली ती डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेनं. रहस्यकथांसाठी गाजलेली, पुढे दान्तेचा अनुवाद करणारी ही बाई. १९४७ साली ऑक्सफर्डमध्ये तिनं 'शिक्षणाची हरवलेली अवजारं' या विषयावर भाषण केलं. आपण मुलांना विषय शिकवतो पण विचार करायला शिकवत नाही, ही तिची तक्रार होती. मुलांच्या वाढीचे तीन टप्पे तिनं स्वतःच्या बालपणाकडे बघून सांगितले: आधी पोपटाचा, मग उलट उत्तरं देण्याचा, मग कवितेचा. हे बालपण मुद्दाम पाहण्यासारखं आहे. तिचे वडील पाद्री होते आणि सात वर्षांची होण्याआधीच त्यांनी तिला लॅटिन सुरू केलं. पंधराव्या वर्षी वसतिगृहाच्या शाळेत जाईपर्यंत ती घरीच शिकली. म्हणजे तिच्या मांडणीचं मूळ एका घरातल्या बापलेकीच्या धड्यात होतं. आपल्या सुधारणा प्रत्यक्षात येण्याची शक्यता फार कमी, असं तिनं त्याच भाषणात म्हटलं होतं. आज अमेरिकेत तिच्या त्या भाषणाच्या आधारानं शाळा चालतात आणि असंख्य घरांमध्ये मुलं त्या क्रमानं शिकतात.

पोपटाचा टप्पा वाचला आणि मला ओसरी आठवली. आमचा परवचा म्हणजे हाच पहिला टप्पा होता. रूपावली, समासचक्र, अमरकोश ही पाठशाळेतली सुरुवात हाच टप्पा होती. आमच्याकडे कमी होती ती पुढच्या पायरीची. दहावीला संस्कृतात मला शंभरपैकी ९७ गुण होते आणि आज अनोळखी सुभाषित समोर आलं तर अन्वय लावताना माझी दमछाक होते. पैकीच्या पैकी गुणांचा विषय म्हणून घेतलेलं संस्कृत परीक्षेनंतर कुणी उघडायला सांगितलं नाही. साठवलं होतं, पण ते खर्च करायची वेळच आली नाही. माझ्या मुलीनं त्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं तेव्हा माझं साठवलेलं पहिल्यांदा कामाला आलं.

दिवस कसा जातो, हे लोक नेहमी विचारतात. सकाळी लॅटिन, मग गणित. मग व्याकरण. इथे वाक्याचा आराखडा काढण्याची जुनी पद्धत आहे. रीड आणि केलॉग या दोघांनी १८७७च्या आपल्या पुस्तकातून ती रूढ केली. आडवी रेघ मारायची, डावीकडे कर्ता, उजवीकडे क्रियापद, मधे उभी रेघ, विशेषणं खाली तिरकी टांगायची. इंग्रजी वाक्यं तिला सवयीची झाली तेव्हा एक दिवस ती म्हणाली, आता मराठी करूया. तिनं वाक्य निवडलं, 'मला आंबा आवडतो.' कर्त्याच्या जागी आत्मविश्वासानं 'मी' लिहिलं, आणि अडली. मग शेजारी लिहिलं, 'मला कैरी आवडते.' आंबा बदलला की क्रियापद बदलतं. ती स्वतः तर तीच आहे. खोडरबरनं 'मी' पुसून तिनं तिथे आंबा नेऊन ठेवला आणि स्वतःला खालच्या रेघेवर टांगलं. "इंग्रजीत मी आंब्याला आवडून घेते. मराठीत आंबाच काहीतरी करतो आणि ते माझ्यापर्यंत येतं." दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली त्यावर हजारभर पानांचा डोंगर रचला, तो असल्याच कोड्यांसाठी. शाळेत मी वाक्यपृथक्करणाच्या तक्त्यात हे रकाने गुणांसाठी भरले होते. आंबा कर्ता होऊन समोर उभा राहिलेला मी त्या दिवशी पाहिला.

इतिहास या पद्धतीत चार वर्षांच्या फेऱ्यांत शिकवतात. प्राचीन, मध्ययुगीन, आरंभीचा आधुनिक आणि आधुनिक काळ, आणि बारा वर्षांत ही फेरी तीनदा. दर फेरीत तोच काळ, पण मूल वेगळं असतं. आमची पहिली फेरी २०२१ मध्ये मेसोपोटेमियापासून सुरू झाली आणि गेल्या वर्षी एकोणिसाव्या शतकापर्यंत आली. इंग्रजी पुस्तकांत १८५७चा उल्लेख बंड म्हणून येतो. तोवर मुलगी उलट उत्तरांच्या वयात शिरली होती. "कुणाच्या बाजूनं बंड?" मी पुण्याहून मागवलेलं 'माझा प्रवास' काढलं. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला म्हणून उत्तरेत गेले, ऐन धुमाळीत सापडले आणि झाशी पडताना झाशीत होते. परतल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांनी ते लिहिलं. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली ते छापलं. आम्ही ते मोठ्यानं वाचलं. जुनी मराठी वाचताना ती दर ओळीला अडायची, मीही अडायचे. मग तिनं एका कागदावर चार रकाने केले. कुणी पाहिलं, कुणी लिहिलं, किती वर्षांनी लिहिलं, कुणासाठी लिहिलं. इंग्रज अधिकाऱ्यांची पत्रं एका बाजूला, भटजी दुसऱ्या बाजूला. इतिहास म्हणजे साक्षीदारांची उलटतपासणी, हे मला तिशी ओलांडेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. माझी मुलगी बाराव्या वर्षी ती करत होती.

मंगळवारी आम्ही रॉलीजवळच्या एका चर्चच्या तळघरात जातो. घरी शिकवणारी वीसेक कुटुंबं तिथे जमतात. सहा वर्षांची मुलं चालीवर रोमन सम्राटांची नावं म्हणतात, आणि ती चाल ऐकताना मला ओसरीचा गारवा पायाला लागतो. प्रत्येक मूल दर आठवड्याला उभं राहून काहीतरी सांगतं; तीन मिनिटं बोलायचं आणि मग प्रश्न. लाजाळू पोर रडतं, पुढच्या मंगळवारी पुन्हा उभं राहतं. तिथल्या बायकांनी मला ज्या आपुलकीनं सांभाळलं ती मी विसरणार नाही. पण त्या तळघरात मला परकंही वाटतं, हेही सांगायला हवं. ही चळवळ अमेरिकेत मुख्यतः श्रद्धाळू ख्रिस्ती घरांमध्ये वाढली. तिच्यातल्या एका महत्त्वाच्या पुस्तकाचे लेखक, आयडाहोतले पाद्री डग्लस विल्सन, यांनी १९९६ मध्ये सहलेखकासोबत, दक्षिणेतली गुलामगिरी म्हणतात तितकी क्रूर नव्हती असं मांडणारी पुस्तिका काढली. ज्या राज्यात गुलामांच्या वस्त्यांच्या खुणा अजून आहेत तिथे बसून मी हे वाचलं तेव्हा त्या सगळ्या पुस्तकांचा गठ्ठा परत करावासा वाटला. 'अभिजात' या शब्दाचा अर्थ कुणाचं अभिजात, कुणाला वगळून, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेला नाही.

तो प्रश्न आपल्याही ओसरीला लागू आहे. रूपावली आणि अमर कुणाच्या घरी म्हटले जायचे, आणि ते कानावर पडू नयेत म्हणून कुणाला अंगणाबाहेर ठेवलं जायचं, हे महाराष्ट्राला सांगायला नको. आणि त्याच ओसरीवर मुलीही नसायच्या. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडच्या बाईचं शिकणं घरातूनच सुरू झालं, कारण बहुतेकींना दुसरी शाळाच नव्हती. सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरी शिकवलं. आनंदीबाईंना गोपाळरावांनी आणि रमाबाई रानड्यांना न्यायमूर्तींनी शिकवलं, तेही घरीच.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती गंगामूळची शाळा.

अनंतशास्त्री डोंगरे पुण्यात रामचंद्रशास्त्री साठ्यांकडे शिकत होते. गुरू पेशव्यांच्या वाड्यात जाऊन दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवत. बाई संस्कृत म्हणतेय हे त्या तरुण शिष्यानं ऐकलं आणि ठरवलं, आपण बायकोला शिकवायचं. पहिल्या संसारात घरच्यांनी ते होऊ दिलं नाही. दुसरी पत्नी लक्ष्मीबाई. त्यांना शिकवायला घेतलं तेव्हा गहजब झाला आणि शास्त्रीबुवांना उडुपीला माध्व पीठापुढे जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्राधार काढून दाखवले, आणि मग लोकांपासून लांब, सह्याद्रीच्या रानात गंगामूळला आश्रम थाटला. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी पंडिता रमाबाईंचा जन्म झाला. मुलगी शिकण्याच्या वयाची झाली तोवर वडील थकले होते. शिकवलं आईनं.

त्या शिकवण्याचं एक वर्णन फिलाडेल्फियात छापलेलं आहे. १८८७ साली रमाबाईंचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तक निघालं, त्याला डॉ. रेचल बॉडली यांनी प्रस्तावना लिहिली. आनंदीबाई जोशी जिथे डॉक्टर झाल्या त्या महाविद्यालयाच्या या प्रमुख. त्या सांगतात, आश्रमातल्या विद्यार्थ्यांचं आणि घराचं करताना आईला दिवसा उसंत नसे. म्हणून पहाट व्हायच्या आधी ती झोपाळू लेकीला जमिनीवरच्या अंथरुणातून उचलून जवळ घेई, लाडानं जागं करी आणि पाखरं बोलू लागत तेव्हा धडा चाललेला असे. पुस्तक नव्हतं. आईचे ओठ हेच पुस्तक. रमाबाईंनी ते पुस्तक आईच्या स्मृतीलाच अर्पण केलं आहे.

हे मी वाचलं तेव्हा माझ्या पोह्यांच्या सकाळींची मला लाज वाटली नाही. उलट धीर आला.

रमाबाईंच्या आयुष्यात ट्रिव्हियमचे तिन्ही टप्पे मला स्वच्छ दिसतात, आणि सेयर्स जन्मण्याच्या आधी. पंधराव्या वर्षापर्यंत त्यांनी साठवलं, भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत केले. १८७४ सालच्या उपासमारीत आईवडील गेले, पाठोपाठ बहीण गेली. भावाबरोबर पायी फिरत, पुराण सांगत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. मग प्रश्नांचा टप्पा आला. बाईनं वेद वाचायचे नाहीत असंच त्या शिकल्या होत्या. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत दिली. धर्मशास्त्रं त्या नव्यानं तपासू लागल्या आणि त्यांना दिसलं की इतर बाबतीत एकमेकांशी भांडणारे ग्रंथ स्त्रीला हीन ठरवण्यात मात्र एक आहेत. हा शोध ज्याला मूळ श्लोक पाठ आहेत त्यालाच लागू शकतो. त्यांच्या विरोधकांना हीच अडचण होती, बाई त्यांचाच आधार त्यांच्यापेक्षा अचूक म्हणून दाखवायची. आणि मग बोलण्याचा टप्पा. १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज, त्याच वर्षी हंटर आयोगापुढे शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टरांची मागणी करणारी साक्ष. पुढे केडगावला मुक्ती मिशन, आणि वयाच्या उतरणीवर हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर. त्यांच्या ख्रिस्ती होण्याबद्दल महाराष्ट्र अजून कुरकुरतो. मला मात्र पन्नाशीच्या आसपास हिब्रूची अक्षरं गिरवणारी बाई दिसते, आणि तिच्या कानात पहाटेचा तो धडा असणार असं वाटतं.

रमाबाई जन्मल्या त्याच १८५८च्या ऑगस्टमध्ये, आमच्या घरापासून वीस मिनिटांवर, रॉलीत ॲना ज्युलिया कूपर जन्मली. आई गुलाम होती. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या काळ्या लोकांसाठी १८६८ मध्ये इथे सेंट ऑगस्टीनची शाळा उघडली, तिथे ती लहानपणीच दाखल झाली. ग्रीकचा वर्ग पाद्री होऊ पाहणाऱ्या मुलग्यांसाठी होता. तिनं भांडून प्रवेश मिळवला. पुढे वॉशिंग्टनच्या एम स्ट्रीट शाळेची ती मुख्याध्यापिका झाली. काळ्या मुलांना हाताची कामं शिकवा, लॅटिन त्यांना काय करायचंय, असा त्या काळचा सूर होता. तिनं लॅटिन सोडलं नाही. तिचे विद्यार्थी नामवंत विद्यापीठांत जाऊ लागले आणि १९०६ मध्ये तिचं पद गेलं. १९२५ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, तिनं पॅरिसच्या सोर्बोनमधून डॉक्टरेट मिळवली. एकशे पाच वर्षं जगली आणि पुरायला रॉलीतच आणली. माझ्या मुलीच्या अमेरिकन पासपोर्टच्या शेवटच्या पानांवर तिचं एक वाक्य छापलेलं आहे. विमानतळावर रांगेत उभी असताना ती ते पान उघडून वाचते.

या दोघी समोर आल्यावर मी पुस्तकांचा गठ्ठा परत करायचा विचार सोडला. ज्यांना बाहेर ठेवलं त्यांनीच या विद्येचा खरा उपयोग करून दाखवला. तेव्हा ती टाकून देणं हे उत्तर नव्हे. दार उघडं ठेवणं हे आहे.

या वाटेवर खड्डेही आहेत. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचं आत्मचरित्र मी मुद्दाम दोनदा वाचलं. बाप जेम्स मिल ज्या टेबलावर हिंदुस्थानचा इतिहास लिहायचा त्याच टेबलाशी पोरगा तिसऱ्या वर्षापासून ग्रीक शिकायचा. ग्रीक-इंग्रजी कोश नसल्यानं दर नव्या शब्दाला बापाला विचारायचा. न्याहारीआधी फिरायला जाताना काल वाचलेलं चिठ्ठ्यांवर टिपून आणायचा आणि सांगायचा. आठव्या वर्षी लॅटिन. आणि विसाव्या वर्षी, १८२६च्या शरदात, सगळं निरर्थक वाटून तो पार खचला. पुढे कवितेनं त्याला सावरलं. मी एकदा मुलीवर वेळापत्रक लादलं होतं, पंधरा-पंधरा मिनिटांचं, भिंतीवर चिकटवलेलं. आठवड्यात ती रात्री दात खाऊ लागली. मी तो कागद फाडला.

दुसरा खड्डा एकटेपणाचा. क्विंटिलियन हा या परंपरेतला सर्वांत मोठा शिक्षक, पहिल्या शतकातला, स्पेनमध्ये जन्मलेला, रोममध्ये सम्राटाकडून पगार घेणारा. मुलाला घरी शिकवावं की शाळेत, या प्रश्नाला त्यानं आपल्या ग्रंथात एक अख्खं प्रकरण दिलं आहे, आणि त्याचा कौल शाळेच्या बाजूनं आहे. लोकांत बोलायचं असेल तर लोकांत वाढा. दुसऱ्याची चूक सुधारली जाताना ऐकूनही माणूस शिकतो. तो बरोबर आहे. आमचा मंगळवार, शनिवारची मराठी शाळा, संध्याकाळचं फुटबॉल हे सगळं त्याच्या त्या प्रकरणाला आमचं उत्तर आहे, आणि ते पुरेसं आहे का हा प्रश्न मी दर जूनमध्ये नव्यानं विचारते. भारतात तर बालशिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वयाची जबाबदारी सरकारवर टाकली, आणि ते व्हायलाच हवं होतं. ज्या घरात आई दिवसभर मजुरीला जाते तिथे शाळाच ओसरी असते. पुण्या-मुंबईतली घरी शिकणारी मुलं मुक्त विद्यालयातून दहावी देतात. त्यांच्या पालकांशी मी फोनवर बोलते तेव्हा एक गोष्ट कळते. ज्यांनी नुसता अभ्यासक्रम विकत घेतला ते वर्षभरात थकतात. ज्यांनी स्वतः वही उघडली ते टिकतात.

उन्हाळ्यात आमच्या सकाळी साडेनऊला सांगलीत दिवेलागण असते. त्या वेळी बाबांचा फोन येतो आणि नात त्यांच्याबरोबर परवचा म्हणते. गेल्या उन्हाळ्यात औटकी चालू असताना ती मध्येच थांबली. औटकी म्हणजे 'आउट'ची काहीतरी असं तिला इतके दिवस वाटत होतं, आणि औट घटकेचा राजा म्हणजे बाद झालेला राजा. "आजोबा, साडेतीनला औट का म्हणायचं?" बाबा पंच्याहत्तर वर्षं औटकी म्हणताहेत. ते गप्प झाले. "मला कुणी विचारलंच नाही गं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आमची पहाट व्हायची होती आणि फोन वाजला. मी दचकून उचलला. परदेशात राहणाऱ्या माणसाला पहाटेचा फोन म्हणजे काय ते सांगायला नको. पलीकडे बाबांचा आवाज तरुण झाला होता. शेजारच्या मास्तरांकडून व्युत्पत्तिकोश आणून ते दुपारभर बसले होते. "तिला उठव. अर्धचतुर्थ! चौथा अर्धाच आहे, म्हणून साडेतीन. प्राकृतात झिजून अद्धुट्ठ झालं आणि आपल्या तोंडी औट." मुलगी डोळे चोळत आली, फोन कानाला लावून जमिनीवरच बसली, वही मागितली आणि शब्द लिहून घेतला. मग दोघांनी पहिल्यापासून सुरू केलं. एक औट साडेतीन, दोन औट सात, तीन औट साडेदहा.